बाळंतपणाच्या कळा आणि त्यांवरचे उपाय : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठीत कोणालाही धीर द्यायचा झाला की आपण सहज म्हणतो, ‘जरा कळ काढ’. प्रत्यक्ष कळा येत असलेल्या बाईलाही बहुतेक वेळा एवढाच सल्ला मिळतो आणि कळ काढायची म्हणजे नेमके काय करायचे, हे तिला कोणी सांगत नाही. पुढील प्रश्न पहिलटकरणींनी, त्यांच्या आयांनी, सासवांनी आणि नवऱ्यांनी वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा विचारलेले असतात. येथील उत्तरे सर्वसाधारण माहितीसाठी आहेत; तुमची तपासणी करणाऱ्या डॉक्टरांना तुमच्या प्रकृतीबद्दल जे ठाऊक आहे ते अशा पानाला ठाऊक असू शकत नाही.

कळा दुखतात म्हणजे शरीरात नेमके काय होत असते?

गर्भाशय ही स्नायूंची जाड पिशवी आहे. प्रत्येक कळेबरोबर ती आवळली जाते, तिचे तोंड वर ओढले जाऊन पातळ होते आणि हळूहळू १० सेंटीमीटरपर्यंत उघडते. आवळलेल्या स्नायूंमधला रक्तपुरवठा तेवढ्यापुरता कमी होतो आणि तोंडाचा भाग ताणला जातो. या दोन्हींमुळे वेदना उठते. ही वेदना वाहून नेणाऱ्या नसा पाठीच्या कण्यात बरगड्यांच्या शेवटाच्या आणि कमरेच्या वरच्या भागात शिरतात. त्यामुळे दुखणे एका जागी बोट ठेवून दाखवता येत नाही; ते ओटीपोटात, कमरेत, कधी मांड्यांपर्यंत पसरलेले जाणवते.

पिशवीचे तोंड पूर्ण उघडून बाळ खाली सरकू लागले की दुखण्याची जातच बदलते. आता ओटीचा तळ, योनिमार्ग आणि बाहेरची त्वचा ताणली जाते आणि तिथून निघणाऱ्या नसा कण्याच्या अगदी खालच्या भागात पोहोचतात. ही वेदना तीव्र, जळजळीत आणि नेमक्या जागची असते. हा फरक माहीत असणे उपयोगाचे आहे, कारण पहिल्या टप्प्यात कमरेला दिलेल्या शेकाने जो आराम पडतो तो शेवटच्या टप्प्यात पडत नाही, आणि शेवटच्या टप्प्यात योनिमार्गाजवळ दिलेले भुलेचे इंजेक्शन पहिल्या टप्प्यातल्या कळांना काहीच करत नाही.

खऱ्या कळा आणि खोट्या कळा कशा ओळखाव्यात?

खोट्या कळांमध्ये पोट कडक होते, पण त्यांना ताल नसतो. चालले, कूस बदलली, पाणी प्यायले किंवा लघवीला जाऊन आले की त्या बहुधा विरतात. खऱ्या कळा घड्याळ लावल्यासारख्या जवळ येत जातात, लांबत जातात, वाढत जातात आणि तुम्ही काहीही केले तरी थांबत नाहीत. पहिल्या बाळंतपणात साधारणपणे दर पाच मिनिटांनी एक, सुमारे मिनिटभर टिकणारी कळ तासभर येत राहिली की निघावे असे सांगितले जाते. हा हिशेब दवाखाना जवळ असलेल्यांसाठी आहे. घाट उतरून यायचे असेल, पावसाळ्यात ओढ्याला पाणी येत असेल किंवा हे दुसरे-तिसरे बाळंतपण असेल, तर इतका वेळ थांबू नये. गडचिरोलीसारख्या दुर्गम आदिवासी भागांत आरोग्य केंद्रांजवळ ‘माहेरघर’ नावाची सोय केलेली आहे ती याच कारणासाठी. दिवस भरत आलेल्या बाईने कळा सुरू होण्याआधीच तिथे येऊन राहावे, ही त्यामागची कल्पना आहे. गाडीची व्यवस्था आशाताईंशी आधी बोलून ठेवावी आणि १०२ व १०८ हे क्रमांक घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये असावेत.

हे दुखणे किती वेळ चालते?

सुरुवातीचा काळ, म्हणजे तोंड पाच सेंटीमीटर उघडेपर्यंतचा, कोणाचा काही तासांचा तर कोणाचा दीड दिवसाचा असतो, आणि त्याला ठरावीक मर्यादा घालता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार पाच सेंटीमीटरपासून पुढचा सक्रिय टप्पा पहिल्या खेपेला सहसा १२ तासांपेक्षा आणि नंतरच्या खेपांना १० तासांपेक्षा जास्त लांबत नाही. जोर देण्याचा टप्पा पहिल्या खेपेला साधारण तीन तासांच्या आणि नंतर दोन तासांच्या आत संपतो. ‘तासाला एक सेंटीमीटर’ हा जुना नियम प्रत्येकीला लागू पडत नाही, आणि केवळ तेवढ्यावरून कळा वाढवण्याची किंवा सिझरची घाई करू नये, असेही त्याच मार्गदर्शनात म्हटले आहे.

हे तास ऐकून छाती दडपते. म्हणून एक छोटा हिशेब करून पाहावा. दर चार मिनिटांनी मिनिटभराची कळ येत असेल, तर तासाभरात दुखण्याची मिनिटे पंधरा आणि विसाव्याची पंचेचाळीस होतात. हा विसावा पुढच्या कळेच्या धास्तीत घालवला तर तो मिळूनही मिळत नाही. कळ ओसरली की जबडा, खांदे, हाताच्या मुठी सैल सोडायच्या आणि ‘ही गेली’ एवढेच म्हणायचे, ही सवय आठव्या महिन्यापासून लावून घेता येते.

एकाच वेळी वीस हाडे मोडल्याइतक्या या वेदना असतात, असा संदेश फिरत असतो. तो खरा आहे का?

नाही. त्या संदेशात वेदनेचे माप म्हणून ‘डेल’ नावाचे एकक येते. वैद्यकशास्त्रात असे एकक वापरातच नाही. १९४० च्या दशकात अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांनी ‘डोल’ नावाचे एकक सुचवले होते आणि त्याची सर्वांत वरची पायरी साडेदहा होती. ते टिकले नाही, कारण वेदना तापासारखी नळीत मोजता येत नाही. पुढे कॅनडातील मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेलझॅक यांनी बायकांनाच त्यांच्या शब्दांत विचारून मोजमाप केले. प्रसूतिवेदना माणसाला होणाऱ्या तीव्र वेदनांपैकी एक आहे, पहिलटकरणींना ती सरासरीने जास्त जाणवते आणि बाईबाईत प्रचंड फरक असतो, असे त्यांतून दिसले. काही जणींनी ती असह्य म्हटली, तर काही जणींनी सौम्यही. पूर्वतयारीचे वर्ग केलेल्या बायकांच्या वेदना कमी झाल्या, पण संपल्या नाहीत, हाही मेलझॅक यांचाच निष्कर्ष आहे आणि ‘आमच्या वर्गाला या, वेदनारहित प्रसूती करा’ अशा जाहिराती वाचताना तो लक्षात ठेवावा.

वीस हाडांचा संदेश आईचे मोठेपण सांगण्यासाठी पाठवला जात असेल. सातव्या महिन्यातल्या मुलीच्या हातात तो पडला की मात्र तिची झोप उडवण्यापलीकडे काही साधत नाही.

भीतीमुळे दुखणे वाढते, हे खरे की नुसते समजुतीचे बोलणे?

यात बरेच तथ्य आहे. १९३० च्या दशकात ग्रँटली डिक-रीड या इंग्रज डॉक्टरांनी भीतीने स्नायू आखडतात, आखडल्याने दुखते आणि दुखल्याने पुन्हा भीती वाढते, असे चक्र मांडले. घाबरलेल्या शरीरात ॲड्रिनलिन वाढते, श्वास उथळ होतो आणि कळांचा तालही बिघडू शकतो. मात्र याचा उलटा अर्थ काढून, ‘तुला दुखते आहे म्हणजे तू घाबरट आहेस’ असे कोणी म्हणत असेल तर ते साफ चूक आहे. बाळाचे डोके मोठे असणे, त्याची पाठ आईच्या पाठीकडे असणे, कळा औषधाने वाढवलेल्या असणे या गोष्टींवर बाईच्या धैर्याचा काहीही अधिकार चालत नाही.

कळा सुरू झाल्यावर घरी असताना काय करता येईल?

पहिली गोष्ट म्हणजे लगेच खाटेवर पडून राहू नये. चालावे, भिंतीला किंवा कपाटाला हात टेकून पुढे झुकावे, खुर्चीवर उलटे बसून पाठीवर डोके ठेवावे, गुडघ्यांवर आणि हातांवर येऊन कंबर हलवावी. जात्यावर बसणाऱ्या बाईची कमरेची जी गोल हालचाल असते ती इथे फार कामाला येते. उताणे सपाट निजल्यास गर्भाशयाचा भार पोटातल्या मोठ्या रक्तवाहिनीवर पडतो, आईला गरगरते आणि बाळाचा रक्तपुरवठाही कमी होऊ शकतो. म्हणून निजायचेच झाले तर कुशीवर निजावे.

कोमट पाण्याने अंघोळ, कमरेवर सोसेल इतपत गरम पाण्याची पिशवी आणि मालीश, हे तिन्ही उपाय साधे असूनही गुणाचे आहेत. का, त्याचे एक स्पष्टीकरण मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये मांडले. स्पर्श, ऊब, दाब यांचे संदेश पाठीच्या कण्यात आधी पोहोचले की वेदनेच्या संदेशांना तिथे दार अर्धवट लागल्यासारखे होते. ठेच लागली की आपण नकळत अंगठा दाबून धरतो, तेच हे. बाळाची पाठ आईच्या पाठीकडे असेल तर कळ मुख्यत्वे कमरेत भरते. अशा वेळी सोबतच्या व्यक्तीने तळहाताचा खालचा भाग माकडहाडाच्या वर घट्ट रोवून कळ संपेपर्यंत दाब द्यावा. हलके हात फिरवण्यापेक्षा हा दाब बहुतेकींना बरा वाटतो. नको वाटला तर ती सांगेल आणि तेव्हा लगेच हात काढावा.

धोका नसलेल्या बाईने कळांच्या काळात पाणी, सरबत, पेज, मऊ भात, केळे असे हलके खाल्ले-प्यायले तर चालते. उपाशी आणि तहानलेल्या शरीराला कळ सोसणे जड जाते. सिझरची शक्यता असेल तर मात्र खाण्याबद्दल डॉक्टरांना विचारावे. दर दोन तासांनी लघवीला जावे. कळा ‘मोकळ्या’ व्हाव्यात म्हणून एरंडेल पाजण्याची पद्धत अजून काही घरांत आहे. त्याने जुलाब आणि मुरडा होऊन थकवाच पदरी पडतो, तेव्हा ते टाळावे. घरातली आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकची गोळी तर मुळीच घेऊ नये, कारण गरोदरपणाच्या उत्तरार्धात ती बाळाच्या मूत्रपिंडाला आणि हृदयाजवळच्या रक्तवाहिनीला घातक ठरू शकते.

श्वासाचे व्यायाम खरेच उपयोगी पडतात का?

पडतात, पण त्यांना मंत्रासारखे मानू नये. फर्नांड लमाझ या फ्रेंच डॉक्टरांनी १९५१ मध्ये सोव्हिएत संघातली पद्धत पाहून ती पॅरिसमध्ये आणली आणि आज पुण्या-मुंबईतल्या गर्भवतींच्या वर्गांत तिच्याच नावाने श्वासाचे प्रकार शिकवले जातात. प्रकार कितीही असोत, कळेत एवढेच आठवते : नाकाने सावकाश घ्यायचा आणि तोंडाने, फुंकर घातल्यासारखा, त्याहून सावकाश सोडायचा. भराभर श्वास घेतल्यास हातपायांना मुंग्या येतात आणि डोके हलके होते. जोर द्यायची वेळ आली की श्वास कोंडून, चेहरा लाल होईपर्यंत रेटण्याची सक्ती नसावी. शरीराला आपोआप जोर येतो तेव्हा द्यावा. बाळाचे डोके बाहेर दिसू लागल्यावर सिस्टर ‘आता थांब, फुंकर घाल’ म्हणतात, त्या वेळी मात्र त्यांचे अवश्य ऐकावे, कारण डोके सावकाश बाहेर आले तर त्वचा कमी फाटते.

प्रसूतिकक्षात सोबत कोणी राहू शकते का?

राहू शकते, आणि राहावे. १७ देशांतल्या २६ चाचण्यांच्या, १५ हजारांहून अधिक बायकांच्या एकत्रित अभ्यासात असे दिसले आहे की सतत कोणी जवळ असले तर नैसर्गिक प्रसूतीचे प्रमाण वाढते, कळांचा काळ काहीसा कमी होतो आणि वेदनाशामक औषधे व सिझर यांची गरज घटते. ज्या उपायाला पैसे लागत नाहीत आणि ज्याचे दुष्परिणाम नाहीत असा हा उपाय आपल्याकडे सर्वांत जास्त नाकारला जातो, हे विचित्र आहे.

केंद्र सरकारने २०१६ मध्येच सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी सोबतीण ठेवण्यास मान्यता दिली. ती स्वतः बाळंतपण अनुभवलेली नातेवाईक स्त्री असावी, तिला संसर्गजन्य आजार नसावा, तिने स्वच्छ कपडे घालावेत आणि डॉक्टरांच्या कामात अडथळा आणू नये, अशा साध्या अटी आहेत. जिथे पुरेसा आडोसा आहे तिथे नवऱ्यालाही परवानगी देता येते. २०१७ च्या डिसेंबरमध्ये सुरू झालेल्या ‘लक्ष्य’ या प्रसूतिकक्ष सुधारणा कार्यक्रमातही सोबतीण हा गुणवत्तेचा भाग धरला आहे. तरीही दारावर ‘नातेवाइकांना प्रवेश नाही’ अशी पाटी आढळली, तर शांतपणे या नियमाचा उल्लेख करावा.

सोबतीण निवडताना नाते पाहू नये, स्वभाव पाहावा. स्वतःच्या बाळंतपणाच्या भयकथा सांगणाऱ्या मावशीपेक्षा गप्प बसून हात धरणारी जाऊ बरी.

ओरडले तर चालते का? दवाखान्यात रागावतात.

चालते. कळेबरोबर तोंडातून आवाज निघणे स्वाभाविक आहे आणि खोल, घशातून निघणारा कण्हण्याचा आवाज श्वास लांबवून मदतच करतो. किंकाळीने मात्र घसा आणि शक्ती दोन्ही लवकर संपतात, म्हणून सोबतच्या व्यक्तीने तिच्या डोळ्यांत पाहून तिच्याबरोबर संथ श्वास घ्यावा. ‘तेव्हा नाही वाटले, आता कशाला ओरडतेस?’ हे वाक्य किंवा मांडीवर मारलेली चापट, यांना उपचार म्हणत नाहीत. सन्मानाने वागवले जाणे हा रुग्णाचा हक्क आहे. कामाचा ताण, अपुऱ्या सिस्टर, एका खोलीत चार खाटा ही कारणे खरी आहेत आणि ती समजूनही घ्यावीत. पण त्याची किंमत कळा सोसणाऱ्या बाईने मोजण्याचे कारण नाही. असे काही घडले तर नंतर वैद्यकीय अधीक्षकांकडे लेखी तक्रार देता येते.

एपिड्युरल म्हणजे काय आणि ते कसे देतात?

हा आज उपलब्ध असलेला सर्वांत परिणामकारक उपाय आहे, म्हणून थोडे सविस्तर सांगणे भाग आहे. भूलतज्ज्ञ तुम्हाला कुशीवर निजवतात किंवा पुढे वाकून बसवतात, कमरेची त्वचा बधिर करतात आणि दोन मणक्यांमधून सुई घालून मज्जारज्जूच्या आवरणाबाहेरच्या पोकळीत केसासारखी बारीक नळी सोडतात. सुई काढून घेतात, नळी राहते. तिच्यातून बधिर करणारे औषध, बहुधा फेंटानिल या तीव्र वेदनाशामकाच्या अल्प मात्रेसह, थोडे थोडे दिले जाते. १५ ते २० मिनिटांत कळांची धार बोथट होते. पोट आवळले जाते ते कळते, पण दुखत नाही किंवा फारच कमी दुखते. तुम्ही पूर्ण जाग्या असता. सुई घालताना कळ आली तर सांगावे, डॉक्टर थांबतात. त्या वेळी अजिबात न हलणे एवढेच तुमचे काम असते.

रक्तदाब उतरू शकतो, म्हणून तो वारंवार मोजतात आणि सलाईन लावून ठेवतात. खाज, थंडी वाजून अंग थरथरणे, किंचित ताप, लघवी न समजणे असे त्रास होऊ शकतात. सुमारे शंभरात एकीला आवरणाला सुई लागल्याने नंतर बसल्यावर वाढणारी तीव्र डोकेदुखी होते. तिच्यावर उपचार आहेत, तेव्हा ती अंगावर काढू नये. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, प्लेटलेट फार कमी असतील किंवा कमरेवर जंतुसंसर्ग असेल तर एपिड्युरल देता येत नाही. पाठीच्या कण्याची शस्त्रक्रिया झालेली असेल तर सातव्या-आठव्या महिन्यातच भूलतज्ज्ञांना भेटावे.

एपिड्युरल घेतले की शेवटी सिझरच होते, आणि कंबर जन्मभर दुखते, असे ऐकले आहे.

दोन्ही समज पक्के आहेत आणि दोन्ही चुकीचे आहेत. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ११ हजारांहून अधिक बायकांच्या चाचण्यांच्या आढाव्यात एपिड्युरलमुळे सिझरचे प्रमाण वाढल्याचे दिसले नाही आणि दीर्घकाळच्या कंबरदुखीतही फरक आढळला नाही. सुई टोचलेली जागा काही दिवस हुळहुळते, इतकेच. बाळंतपणानंतरची कंबरदुखी फार जणींना होते, एपिड्युरल न घेतलेल्यांनाही. तिचे कारण सैलावलेले सांधे, पोटाचे दुबळे झालेले स्नायू आणि वाकून दूध पाजणे यांत शोधावे. जोर देण्याचा काळ मात्र एपिड्युरलने काहीसा लांबतो, आणि जुन्या, जास्त तीव्रतेच्या औषधांच्या काळात बाळ बाहेर ओढण्यासाठी चिमटा किंवा व्हॅक्यूम लावण्याचे प्रमाण वाढत असे. हल्लीच्या सौम्य मात्रांमध्ये तो फरक उरलेला दिसत नाही.

एपिड्युरलची सोय नसेल तर दुसरे काय?

काही रुग्णालयांत निम्मा नायट्रस ऑक्साइड आणि निम्मा प्राणवायू असा वायू मास्कमधून स्वतः घ्यायला देतात. त्याचा असर व्हायला अर्धा मिनीट लागतो, म्हणून कळेची चाहूल लागताच ओढायला सुरुवात करावी. कळ शिगेला पोहोचल्यावर ओढून उपयोग नाही. त्याने वेदना जात नाही, पण थोडी दूर गेल्यासारखी वाटते. काहींना मळमळते, गरगरते. पेथिडिन किंवा ट्रॅमाडॉलचे इंजेक्शन तालुक्याच्या ठिकाणीही मिळू शकते. त्याने गुंगी येते आणि आराम मध्यम स्वरूपाचा मिळतो. प्रसूतीच्या अगदी आधी दिल्यास बाळ सुस्त जन्मू शकते, म्हणून वेळ पाहूनच देतात. ड्रोटाव्हेरिनसारखी पिशवीचे तोंड ‘मऊ’ करण्यासाठी दिली जाणारी इंजेक्शने आपल्याकडे सर्रास टोचली जातात. जागतिक आरोग्य संघटनेने प्रसूती लांबू नये म्हणून अशी औषधे सरसकट देण्याची शिफारस केलेली नाही आणि ती वेदनाशामक म्हणून तर मोजूच नयेत.

कळा वाढवण्याचे सलाईन लावले की जास्त दुखते का?

बहुतेकींना तसे जाणवते. ऑक्सिटोसिन या कळा आणणाऱ्या संप्रेरकाच्या सलाईनने कळा कमी वेळात जोर धरतात आणि शरीराला सवय व्हायला सवड मिळत नाही. ते लावणे कधी कधी आवश्यकच असते. अशा वेळी ‘का लावत आहात?’ हे विचारण्याचा आणि वेदनाशामकाची सोय आहे का हे जाणून घेण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. दहा मिनिटांत पाचपेक्षा जास्त कळा येऊ लागल्या तर लगेच सिस्टरना सांगावे. घरी बोलावलेल्या कोणाकडूनही ‘कळा वाढण्याचे इंजेक्शन’ कदापि घेऊ नये. मात्रेवर ताबा नसताना ते दिले तर गर्भाशय फाटू शकते आणि बाळाचा श्वास कोंडू शकतो.

आमच्या आजीने शेतात काम करता करता बाळंतपण उरकले. मग आताच्या मुलींना एवढे कौतुक कशाला?

आजीने सोसले हे खरे, पण तिला दुसरा पर्याय दिला गेला होता का, हा प्रश्न आधी विचारावा. शिवाय ज्या बायका त्या बाळंतपणातून उठल्याच नाहीत, त्यांच्या गोष्टी सांगायला त्या आजी झाल्या नाहीत. आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी बाळंत झाल्या, त्यांचे बाळ दहा दिवसांत गेले आणि त्यातूनच त्या डॉक्टर व्हायला अमेरिकेला निघाल्या. १८८६ मध्ये फिलाडेल्फियात पदवी घेताना त्यांनी प्रबंधासाठी विषय निवडला तो प्रसूतिशास्त्राचाच. २०१८–२० च्या नमुना नोंदणी पाहणीत महाराष्ट्रातले मातामृत्यूचे प्रमाण एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ पर्यंत खाली आले, ते सोसण्याच्या ताकदीने आलेले नाही. दवाखाना, रक्त, औषधे आणि वेळेवर मिळालेली गाडी यांनी आले आहे.

वेदना शमवण्याला विरोधही जुनाच आहे. एडिंबरोच्या जेम्स यंग सिम्प्सन यांनी १८४७ मध्ये प्रसूतीत आधी ईथर आणि मग क्लोरोफॉर्म वापरले, तेव्हा हे निसर्गाविरुद्ध आणि धर्माविरुद्ध असल्याची ओरड झाली. १८५३ मध्ये राणी व्हिक्टोरियाने जॉन स्नो यांच्याकडून क्लोरोफॉर्म घेऊन राजपुत्र लिओपोल्डला जन्म दिला आणि ओरड बरीच मावळली. दात काढताना भूल घेणाऱ्याला कोणी कमकुवत म्हणत नाही. औषधाविना बाळंत व्हायचे ठरवणे आणि औषध मागणे, दोन्ही निर्णय सारखेच शहाणपणाचे असू शकतात; फक्त ते त्या बाईचे असावेत.

वेदना टाळायच्या म्हणून सरळ सिझर करून घ्यावे का?

सिझरने कळा टळतात, वेदना टळत नाहीत. ती शस्त्रक्रियेनंतर येते आणि उठताना, खोकताना, बाळाला उचलताना काही आठवडे सोबत राहते. पुढच्या गरोदरपणात वार खाली किंवा खोल चिकटण्याचा धोकाही वाढतो. वैद्यकीय कारण असेल तर सिझर जीव वाचवते आणि तेव्हा मागेपुढे पाहू नये. केवळ भीती हे कारण असेल, तर आधी एपिड्युरलची सोय असलेले रुग्णालय शोधावे.

रुग्णालय ठरवताना काय विचारावे?

भूलतज्ज्ञ चोवीस तास हजर असतात की फोन करून येतात. रात्री दोन वाजता एपिड्युरल मिळते का. त्याचे पैसे वेगळे पडतात का. कळांच्या काळात फिरू देतात का. सोबत कोणाला राहू देतात. जोर देताना उताणेच निजावे लागते का. बाळ बाहेर येताना योनिमार्गाच्या तोंडाशी सरसकट छेद देतात की गरज पडली तरच. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘पहिलटकरणीला द्यावाच लागतो’ असे आले तर सावध व्हावे, कारण सरसकट छेद देण्याची शिफारस आता केली जात नाही. छेद दिला किंवा फाटले तरी टाके घालण्याआधी जागा बधिर केली पाहिजे. टाके घालताना दुखत असेल तर तसे सांगावे आणि थांबायला लावावे. सरकारी रुग्णालयांत २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली प्रसूती, सिझर, औषधे, जेवण आणि ने-आण मोफत आहे. एपिड्युरल तिथे सगळीकडे मिळत नाही, वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात विचारून पाहावे.

कोणते दुखणे कळेचे समजून सोसू नये?

दोन कळांच्या मध्ये पोट सैल पडलेच पाहिजे. ते दगडासारखे कडक राहून सतत दुखत असेल, रक्त जात असेल, पाणी हिरवट जात असेल, बाळाची हालचाल मंदावली असेल, डोके भयंकर दुखून डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, आधीच्या सिझरच्या टाक्यांवर कळ नसतानाही दुखत असेल किंवा ३७ आठवडे भरण्याआधीच कळा सुरू झाल्या असतील, तर घड्याळ लावत बसू नये, तडक निघावे.

बाळ झाल्यावरही कळा येतात, त्या का?

गर्भाशय पूर्ववत लहान होत असते. बाळ दूध ओढू लागले की ऑक्सिटोसिन स्रवते आणि त्या कळा जाणवतात. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला त्या जास्त असतात. दूध पाजण्याआधी लघवी करून यावी, पोटावर ऊब घ्यावी. पॅरासिटामॉल किंवा आता, प्रसूतीनंतर, आयबुप्रोफेन डॉक्टरांना विचारून घेता येते आणि दूध पाजणे थांबवावे लागत नाही. टाक्यांवर पहिल्या दिवशी कापडात गुंडाळलेला बर्फ आणि पुढे टबात कोमट पाणी घेऊन बसणे बरे. शेक-शेगडीची ऊब आवडत असेल तर घ्यावी, पण बंद खोलीत धूर करू नये. तो बाळाच्या फुप्फुसात जातो. दुखणे दिवसागणिक कमी होण्याऐवजी वाढत असेल, ताप किंवा दुर्गंधी असेल, तर पाचवी होण्याचीही वाट न पाहता दाखवावे.

पहिल्या वेळचे आठवले तरी अंग कापते. दुसऱ्या वेळीही तसेच होईल का?

बहुधा नाही. दुसऱ्या खेपेला पिशवीचे तोंड लवकर उघडते, ओटीचा तळ एकदा ताणलेला असतो आणि एकूण काळ कमी लागतो. मात्र तुमच्या भीतीचे मूळ वेदनेत आहे की त्या वेळी मिळालेल्या वागणुकीत, हे स्वतःला विचारून पाहावे, कारण दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. मागच्या प्रसूतीचे कागद घेऊन डॉक्टरांकडे जावे आणि त्या दिवशी नेमके काय झाले, का झाले, हे समजावून घ्यावे. पुष्कळ जणींना ते तोवर कोणी सांगितलेलेच नसते. त्या प्रसंगाची भीतीदायक स्वप्ने पडणे, बाळाबद्दल काहीच न वाटणे, सतत रडू येणे असे दोन आठवड्यांहून अधिक काळ चालले तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येते, मराठीतही.